पुढचा शाफ्ट सोडला

नोकरीची शेवटची सोळा वर्षं मी ट्रक जागच्या जागी पळवले. गिअर टाकून, धूर काढत, पूर्ण ताकदीनं. आणि संध्याकाळी गाडी सकाळी होती तिथंच. कोंढ्याला, म्हणजे आमच्या गावी, मायला हे एकदा समजावून सांगायचा मी प्रयत्न केला. ती सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत बसली होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हनजे दिवसभर पळते अन् कुठीच जात नाही. तुह्यासारखीच हाये मंग." त्यानंतर मी घरी कामाबद्दल बोलणं कमी केलं.

आमचं वर्कशॉप भंडारा-तुमसर रस्त्यावर होतं. त्याचं नाव सांगत नाही, कारण या लेखात ज्याची अब्रू जायची आहे तो मी आहे. गोंदिया वेगळा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तरी ऑफिसातल्या भिंतीवर अखंड जिल्ह्याचा नकाशा होता आणि मालक कुणी विचारलं की म्हणायचे, "राहू दे, जागा झाकते." लिलावात निघालेले जुने ऑल-व्हील ट्रक आम्ही विकत घेऊन किंवा लोकांचे आणून नव्यानं बांधून द्यायचो. ऑल-व्हील म्हणजे ज्याची पुढची आणि मागची, सगळी चाकं ओढतात असा ट्रक. साध्या ट्रकमध्ये मागची चाकं ढकलतात आणि पुढची नुसती दिशा दाखवतात. आमच्या वर्कशॉपात कामगार आणि साहेब यांची वाटणीही अशीच होती. मी दिशा दाखवणाऱ्यांत होतो.

गाडी बांधून झाली की तिच्यात ताकद किती आली हे गिऱ्हाइकाला दाखवावं लागतं. त्यासाठी डायनो. जमिनीत एक खड्डा, खड्ड्यात दोन जाड लोखंडी रोलर. त्यांवर गाडीची मागची चाकं चढवायची, साखळ्यांनी गाडी मागून बांधायची, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायचे आणि चालवायची. चाकं फिरतात, रोलर फिरतात, गाडी तिथंच; आणि समोर माझ्या केबिनमधल्या काट्यावर ताकद दिसते. आमच्या भागात घरटी एक माणूस राइस मिलमध्ये कामाला जाऊन आलेला, त्यामुळे फिरणाऱ्या रोलरना डायनो कोण म्हणणार? पहिल्याच दिवशी तिचं नाव 'चक्की' पडलं, ते शेवटपर्यंत राहिलं.

आता अडचण अशी की आमची चक्की जुनी आणि दोन चाकांची. तिच्यावर मागची चाकं मावतात, पुढची बाहेर फरशीवर. साध्या ट्रकला काही फरक पडत नाही. पण ऑल-व्हीलच्या पुढच्या चाकांना कुणी सांगायचं की आज परीक्षा आहे, पळायचं नाही? ती फरशी पकडून गाडी ओढून नेणार. म्हणून चक्कीवर चढवण्याआधी ऑल-व्हील गाडी साधी करावी लागते. गिअरबॉक्सच्या मागं एक डबा असतो, तो ताकदीची वाटणी करतो. त्यातून एक लोखंडी दांडा मागं जातो, एक पुढं. या दांड्याला शाफ्ट म्हणतात. पुढचा शाफ्ट काढून ठेवला की पुढची चाकं गप्प बसतात. काढण्याआधी छिन्नीनं दोन्ही तोंडांवर खूण करायची. खूण केली नाही आणि बसवताना एक भोक इकडचं तिकडं झालं, की गाडी साठच्या वर गेल्यावर आत बसणाऱ्याचे दात वाजतात. खडूची खूण तेलात पुसते, छिन्नीची पुसत नाही.

हे सगळं मला अर्जुनभाऊनं शिकवलं. अर्जुन रामटेके, सिहोऱ्याचे. मी डिप्लोमा करून आलो तेव्हा मला तेरा नंबरचा पाना कुठला आणि सतरा नंबरचा कुठला हेही हात लावून कळत नव्हतं. अर्जुनभाऊ गाडीखाली बारदाना टाकून झोपायचे आणि मला शेजारी झोपवायचे. "माणिक, डोयानं नको पाहू, बोटानं पाह्य," म्हणायचे. त्यांचं बोट नटवर फिरलं की नट कुठल्या गाडीचा ते सांगायचं. पण ते ठेकेदारीवर होते. दहा वर्षं झाली तरी ठेकेदारीवरच. आमच्याकडे परमनंट माणसाला निळा शर्ट मिळायचा आणि त्याच्या खिशावर त्याचं नाव शिवलेलं असायचं. ठेकेदारीच्या माणसाला खाकी, त्यावर नाव नाही. अर्जुनभाऊचे वडील सिहोऱ्यात आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी करत आले होते. सुट्टीला पोरगा घरी गेला की ते एवढंच विचारायचे, "अर्जुन, कमिजावर नाव आलं काय बे?"

ही चक्की मालकांनी पुण्याकडच्या बंद पडलेल्या एका कारखान्यातून आणली आणि ती शिकून घ्यायला मला दोन महिने तिकडं पाठवलं. तिथून मी एक सर्टिफिकेट, एक चामडी डायरी आणि पुण्याची बोली घेऊन आलो. सर्टिफिकेट फ्रेम करून केबिनमध्ये टांगलं. डायरी सतत हातात ठेवली. बोलीचं विचारू नका. पहिल्याच संध्याकाळी जेवताना मी बायकोला म्हणालो, "भाजी छान झालीये गं, थोडी वाढ ना." शोभानं मागं वळून दाराकडं पाहिलं. म्हणाली, "कोनाशी बोलून राहिले?" तिचं माहेर सिहोरा. तिला असल्या गोष्टी पचत नाहीत.

वर्कशॉपात मात्र माझा रुबाब वाढला असं मला वाटत होतं. अर्जुनभाऊ मला माणिक म्हणायचे ते 'साहेब' म्हणायला लागले आणि मी त्यांना 'तसं म्हणू नका' असं म्हणालो नाही. मी भिंतीवर एक यादी लावली, 'चाचणीपूर्व तयारी'. अर्जुनभाऊ यादीसमोर बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "साहेब, चाचणीपूर्व म्हनजे गाडीचं तोंड पूर्वेले करा लागते काय? चक्की त दक्षिणेले हाये." सगळे हसले. मी हसलो नाही, कारण साहेबांनी हसायचं नसतं असं मी पुण्यात पाहून आलो होतो. त्या यादीत चौथ्या ओळीत लिहिलं होतं: 'पुढील शाफ्ट सोडून घेणे.' पुण्यातले आमचे सर कुठलाही भाग काढायचा असला की तसंच म्हणायचे. नट सोडून घ्या, पाइप सोडून घ्या. आमच्याकडे नट खोलतात, पाइप खोलतात, इंजिन खोलतात. पण खोलणं मला आता गावंढळ वाटायला लागलं होतं.

पहिल्याच महिन्यात मी माती खाल्ली. एक गाडी आली ती कायमची ऑल-व्हील होती, म्हणजे तिच्या डब्यात वाटणी सतत चालू. तशा गाडीत पुढचा शाफ्ट काढला की डब्यातलं कुलूप लावावं लागतं; नाहीतर सगळी ताकद मोकळ्या तोंडानं निघून जाते. ते कुलूप लावायला मी विसरलो. गाडी चालू केली, इंजिन बोंबलायला लागलं, आणि रोलर ढिम्म. काटा शून्यावर. मी काटा ठोकून पाहिला, वायर हलवल्या, मग सगळ्यांसमोर जाहीर केलं की चक्की पुण्याहून येतानाच बिघडून आली आहे. पुण्याला फोन लावायला निघालो. अर्जुनभाऊ गाडीखाली वाकले आणि मला बोटानं खुणावलं. शाफ्ट काढलेलं ते मोकळं तोंड भोवऱ्यासारखं गरगर फिरत होतं. "साहेब," ते म्हणाले, "ताकद हवेत चालली. चक्कीले काहून बदनाम करता?"

पुन्हा सगळे हसले. तो हशा मला फार लागला. खरं तर त्या माणसानं मला पुण्याला चुकीचा फोन लावण्यापासून वाचवलं होतं. पण मी संध्याकाळी त्यांना बाजूला घेतलं, आणि बाजूला घेतलं असं मला वाटलं तरी शेडमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालो, "अर्जुनभाऊ, यापुढे मी सांगेन तेवढंच करायचं. डोकं चालवायला मी आहे."

त्यांनी हातातला पाना बारदान्यावर ठेवला. "बरं साहेब," म्हणाले. आणि त्या दिवसापासून खरंच तेवढंच करायला लागले. मला वाटलं, शिस्त लागली.

मग आले पटले. नाकाडोंगरीचे लाकूड ठेकेदार. डेपोतून ओंडके वाहायला त्यांच्याकडे सहा ऑल-व्हील ट्रक होते, सगळे म्हातारे. त्यांनी एक नमुन्याला बांधून घेतला होता. चक्कीवर पास झाला तर उरलेले पाच आमच्याकडेच. पटले विचित्र गिऱ्हाईक. ते ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवून त्याची तब्येत सांगायचे, आणि बहुतेक वेळा खरी सांगायचे. चाचणीच्या आदल्या दिवशी त्यांचा मला फोन आला.

"साहेब, एक सांगाचं राहिलं. ते पुढच्या चाकाचा लिव्हर हाये ना, थो निस्ता नावाले हाये. हालते, पन आत काईच होत नाही. पुढची चाकं चालूच राहतात."

हे जरा समजावून सांगतो. काही ऑल-व्हील गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूला एक लिव्हर असतो. तो खाली केला की पुढची चाकं आपोआप सुटतात आणि गाडी साधी होते. तशा गाडीचा शाफ्ट काढला नाही तरी चालतं. पटलेंच्या गाडीला लिव्हर होता, पण मेलेला. म्हणजे शाफ्ट काढणं भागच होतं. मी हे सगळं डायरीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि डायरी मिटली. अर्जुनभाऊला सांगायला विसरलो. खरं सांगायचं तर विसरलोही नव्हतो. मला वाटलं, मी 'शाफ्ट काढा' म्हणेन आणि ते काढतील. कारण कशाला सांगत बसायचं? डोकं चालवायला मी होतो ना.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पटले आले, मालक आले, चहा आला. मी पटलेंना केबिनमध्ये उभं करून सर्टिफिकेट दाखवत होतो. अर्जुनभाऊंनी गाडीखालून डोकं बाहेर काढलं.

"साहेब, याले लिव्हर हाये. तरी पुढचा खोलू काय?"

"सोडा," मी म्हणालो, सर्टिफिकेटवरून नजर न काढता.

"सोडू?"

"हो हो, सोडा. लवकर."

डोकं आत गेलं. पाच मिनिटांत अर्जुनभाऊ हात पुसत बाहेर आले. आठ बोल्टचा शाफ्ट, खूण करून काढायचा म्हणजे कमीत कमी अर्धा तास लागतो. पाच मिनिटांत कसा काढला हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी पटलेंना फ्रेमच्या काचेवरची धूळ पुसून दाखवत होतो.

"पुढचा सोडला?" मी केबिनच्या दारातून ओरडलो.

"सोडला, साहेब."

"नक्की?"

"मंग. तुमीच सांगतलं ना."

मी यादीतल्या चौथ्या ओळीवर टिक केली. अर्जुनभाऊ स्टिअरिंगवर बसले, त्यांनी लिव्हर खाली केला आणि क्लच सोडला. मागची चाकं चक्कीवर जराशी फिरली न फिरली तोच गाडी पुढच्या ठोकळ्यांवर रेलली. काटा वर जाईना. मला वाटलं, रेस कमी पडतेय. मी काचेतून बोटानं गोल गोल खूण केली: वाढवा. अर्जुनभाऊंनी मान हलवली, नाही म्हणून. मी दोन्ही हातांनी खूण केली. त्यांनी एक क्षण माझ्याकडं पाहिलं. मी सांगेन तेवढंच करायचं असं ठरलेलं होतं. त्यांनी रेस वाढवली.

ट्रक ठोकळ्यांवर चढला. मागची साखळी कडाडली आणि हूक तुटला. समोर इंजिनाला वारा घालायला लावलेला माझ्या उंचीचा पंखा होता, तो आडवा झाला. पंख्यामागं माझी केबिन. तिचा प्लायवूडचा अर्धा पडदा आत आला आणि ट्रकचा बंपर माझ्या टेबलाच्या कडेला टेकून थांबला, कारण तोवर अर्जुनभाऊ ब्रेकवर अक्षरशः उभे राहिले होते. मी पळून गेलो असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. मला तेवढा वेळच मिळाला नाही. मी खुर्चीसकट मागं सरकून कपाटाला चिकटलो होतो, आणि डायरी छातीशी धरली होती. सर्टिफिकेट खाली पडलं, काच फुटली. त्या शांततेत केबिनच्या दाराशी उभे असलेले पटले पुढं झाले, बॉनेटवर हात ठेवला आणि मालकांना म्हणाले, "मालक, ताकद त लयच आली बाप्पा हिच्यात. बाकीच्या पाच गाड्या धाडतो. पन यायले चक्कीवर नका चढवू."

अर्जुनभाऊंचं कपाळ स्टिअरिंगवर आपटून फुटलं होतं. रक्त भुवईवर आलं होतं. त्यांना पाणी द्यायच्या आधी मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी ओरडलो, "तुम्ही सोडला म्हणालात!"

"सोडलाच त हाये," ते म्हणाले. "वाका अन् पाहा."

मी वाकलो. शाफ्ट जागेवर होता. बोल्टवरची धूळसुद्धा हललेली नव्हती. मला वाटलं, हा माणूस सगळ्यांसमोर माझी थट्टा करतोय. पटले त्यांना आपल्या जीपमध्ये घालून टाके घालायला घेऊन गेले आणि मालकांनी मला उद्यापर्यंत लेखी रिपोर्ट मागितला. मालकांच्या टेबलावर त्याच आठवड्यात परमनंट करायच्या चार माणसांची फाइल होती. सर्वांत वरचं नाव अर्जुनभाऊचं होतं, हे मला माहीत होतं.

संध्याकाळी जेवायच्या आधी मी रिपोर्ट लिहिला आणि शोभाला वाचून दाखवला. 'फिटर श्री. रामटेके यांनी पुढील शाफ्ट सोडला नाही, व सोडल्याचे खोटे सांगितले.' भाषा मला फार आवडली होती.

शोभा भाकर थापत होती. "अर्जुनदादा खोटं नाही बोलत," ती म्हणाली. गावचे म्हणून ती त्यांना दादा म्हणायची.

"बोलले. मी दोनदा विचारलं. सोडला म्हणाले."

"मंग सोडलाच ना त्यायनं."

"अगं, शाफ्ट जिथल्या तिथं होता!"

"हो ना. सोडला म्हनून त होता." तिनं माझ्या ताटाकडं हात केला. "तुमी भाजीतली मिरची सोडता, तवा थे कुठी जाते? ताटातच राहते ना?"

मी ताटाकडं पाहिलं. ताटाच्या कडेला दोन मिरच्या होत्या.

भाकर थंड होईपर्यंत मी तसाच बसून होतो. खोलू काय? सोडा. सोडू? हो हो, सोडा. जन्म कोंढ्यात, लग्न सिहोऱ्यात, नोकरी तुमसर रस्त्यावर, आणि मला माझ्याच भाषेतला एक शब्द कळला नव्हता. मी रिपोर्ट फाडला आणि दुसरा लिहिला: एका शब्दाचा दोघांनी वेगळा अर्थ घेतला, शब्द माझा होता, चूक माझी. शोभा म्हणाली, आता बरं हाये. लिव्हरचं तिला माहीत नव्हतं. लिव्हरचं मी लिहिलं नाही.

का नाही लिहिलं? शब्दाची चूक हसण्यासारखी होती. ती कबूल करताना मी मोठ्या मनाचा दिसत होतो. लिव्हरची चूक हसण्यासारखी नव्हती. गाडी मोडकी आहे हे माहीत असून मी एका माणसाला न सांगता तिच्यावर बसवलं होतं. इतकं साधं आहे ते.

मालकांनी रिपोर्ट वाचला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. 'सोडा, सोडा' म्हणत टेबल बडवलं. पुढचे चार महिने भंडाऱ्यातल्या प्रत्येक गॅरेजात ती गोष्ट माझ्या आधी पोचलेली असायची. त्या दिवशी मात्र हसू आवरून मालक अर्जुनभाऊंकडं वळले. कपाळावर पट्टी बांधून ते दाराशी उभे होते.

"सब्दाचं समजलं. पन तू जुना मानूस हायेस. लिव्हरच्या भरोश्यावर शाफ्ट कसा काय ठेवला? लिव्हर चालते का नाही, पाह्यलं काहून नाही?"

अर्जुनभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मग मालकांनीही पाहिलं. "लांजेवार, लिव्हर खराब हाये हे कोनाले माहीत होतं काय?"

डायरी माझ्या हातात होती.

"नाही," मी म्हणालो. हा शब्द पुण्यात आणि भंडाऱ्यात सारखाच आहे. त्यात गैरसमजाला जागा नव्हती.

"मंग एक साल थांबू दे याले," मालक म्हणाले, आणि फाइलमधून वरचा कागद काढून ठेवला.

त्या वर्षी मी माझी बोली परत आणली. शोभा म्हणाली, "आला बाप्पा घरचा मानूस घरी." भिंतीवरची यादीही गेली. तिच्या जागी अर्जुनभाऊंनी खडूनं लिहिलं: 'पुढचा शाफ्ट खोला. लिव्हर असो का नसो. मंग साहेबानं वाकून पाहावं.' मी ते पुसू दिलं नाही, पुढं त्यावर रंगही मारून घेतला. तेव्हापासून शेवटपर्यंत प्रत्येक चाचणीआधी अर्जुनभाऊ म्हणायचे, "खोलला, साहेब. या, पाहा." आणि मी पँट सावरून बारदान्यावर गुडघे टेकून पाहायचो. आज माझी कंबर दुखते ती त्यामुळेच, असं डॉक्टरला सांगितलं तर तो विचारतो, इतकं काय पाहायचात?

रोवणीच्या दिवसांत अर्जुनभाऊचे वडील गेले. मी आणि शोभा सिहोऱ्याला गेलो. अंगणात बायका-माणसं बसली होती, बुद्धवंदना नुकतीच संपली होती. शेजारची एक म्हातारी शोभाला सांगत होती, "बुढा मरेपावतर विचारे, अर्जुनच्या कमिजावर नाव आलं काय. आता येईन म्हने, एक सालाची गोष्ट हाये." अर्जुनभाऊ पलीकडंच बसले होते. त्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. मी माझ्या चपलांकडं पाहत राहिलो.

पुढच्या वर्षी निळा शर्ट आला. खिशावर पांढऱ्या दोऱ्यानं 'अ. रामटेके'. त्यांनी तो घालून पाहिला, मापात होता. मी म्हणालो, छान दिसते. ते म्हणाले, हो. आणि गाडीखाली गेले.

दहा वर्षांनी ते निवृत्त झाले. शेडमध्येच खुर्च्या मांडल्या होत्या, मालकांनी शाल दिली, 'सोडा, सोडा'ची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली, सगळे पुन्हा हसले. मीही हसलो, इतक्या वर्षांत मला तिच्यावर चांगलं हसता यायला लागलं होतं. लोक जेवायला गेल्यावर आम्ही दोघंच चक्कीच्या कठड्यावर बसलो होतो. अर्जुनभाऊंनी निळा शर्ट मुद्दाम इस्त्री करून घातला होता. मला आता राहवलं नाही.

"अर्जुनभाऊ, पटलेनं मले लिव्हरचं आदल्या दिवशीच सांगतलं होतं. फोनवर. मी डायरीत लिहून ठेवलं होतं."

ते रोलरकडं पाहत होते. "मले माहीत हाये, माणिक."

किती वर्षांनी त्यांनी मला माणिक म्हटलं होतं.

"कसं काय?"

"पटलेनंच सांगतलं. टाके घालाले घेऊन गेले, तवा जीपमधी. म्हने, मी त साहेबाले सांगतलं होतं बुवा."

"मंग दुसऱ्या दिवशी मालकाले काहून नाही सांगतलं तुमी?"

"मी कायले सांगू? तुमी सांगान म्हनून वाट पाहून राहिलो होतो."

"इतके वर्षं?"

"पह्यले काई महिने पाह्यली," ते म्हणाले. "बाबा गेल्यावर मंग नाही पाह्यली."

चक्की बंद होती, शेडमध्ये कुणी नव्हतं. शेवटी जे तोंडात आलं ते मी बोललो, आणि बोलल्यावर माझं मलाच कळलं की मी कुठला शब्द वापरला.

"अर्जुनभाऊ, आता सोडा ना ते गोष्ट."

ते उठले, खांद्यावरची शाल नीट केली, खिशावरच्या नावावरून एकदा हात फिरवला.

"सोडली, साहेब," म्हणाले, आणि जेवायला गेले.

खोलून बाजूला ठेवली, की होती तिथंच राहू दिली, ते मला कळलं नाही. शाफ्ट असता तर वाकून पाहिलं असतं.